बाकाजवळची वही

अण्णा, काल सकाळी रिंकवर नातीनं मला विचारलं, "आजी, माझे स्केट्स कुठे आहेत?" ते तिच्या पायात होते. म्हणून लिहिते आहे.

ती चौदा वर्षांची आहे. इथे ग्लासगोत मुलांच्या आइस हॉकी लीगमध्ये खेळते. सीझनभर मी संघाच्या बाकाजवळ बसते आणि कुणाला कुठे लागलं ते वहीत लिहिते. मी कुणाची गय करत नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. डोक्याला लागल्याची नोंद झाली की खेळाडूला कित्येक आठवडे बाहेर बसवतात. नोव्हेंबरात तिचं हेल्मेट कडेच्या भिंतीवर आपटलं. आवाज मी ऐकला. बाकावर येऊन ती म्हणाली, "लिहू नको ना, आजी. मी फाइन आहे. तुझे बाबा काय म्हणाले होते? तूच सांगितलंस ना." मी पेनाला टोपण लावलं. जानेवारीत पुन्हा तेच झालं. त्यानंतर ती जेवताना दिवा बंद करायला सांगू लागली, आणि मी काही न विचारता उठून बंद करत होते.

तुम्ही म्हणाला होतात, "खेळाडू डोकं धरून बसत नाही." शाळेचं मैदान, खो-खोची फायनल. मी खांबावर आदळून पडले आहे आणि तुम्ही, त्या दिवशी वडील कमी आणि क्रीडाशिक्षक जास्त, माझ्या तोंडावर तांब्याभर पाणी मारता. मी उठते. कप आपल्याला मिळतो. घरी आल्यावर तुम्ही स्वतःची शिट्टी माझ्या गळ्यात घालता. ही गोष्ट ऐकतच नात मोठी झाली. शिट्टीही तिलाच दिली होती. ती तिच्या किटबॅगेला बांधलेली असते.

एक मात्र तिला सांगितलं नाही, तुम्हालाही नाही. उठल्यानंतरचा सामना मला आठवत नाही. मैत्रिणींनी जे सांगितलं, तेच मी इतकी वर्षं सांगत आले. पुढे महिनाभर फळ्यावरची अक्षरं हलत होती. तुम्ही विचारलंत तेव्हा मी म्हणाले, चष्मा लागला असेल. नंबर निघाला नाही, तरी तुम्ही चष्मा करून आणलात आणि विषय बंद केलात. तुम्हाला कळलं होतं, असं आता वाटतं.

शनिवारी फायनल आहे. काल रात्री मी लेकीला सगळं सांगितलं. तिनं डोक्याच्या स्कॅनसाठी उद्याची वेळ घेतली आहे. ती माझ्याकडे पाहत नाही. आज गाडीत नात म्हणाली, "तू स्निच आहेस, आजी." म्हणजे चहाडखोर. सिग्नल सुटला. मग तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, "फायनल आज आहे का?"

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. दुपारी कोचच्या हाती दिलं ते असं: वही, त्यात नोव्हेंबर आणि जानेवारीच्या नोंदी, आजच्या तारखेनं, माझ्या सहीनिशी. नातीचं हेल्मेट, डाव्या बाजूला चीर. खेळाडूंच्या बाकाकडे जाणाऱ्या दाराची किल्ली. शिट्टी बॅगेवरून सोडवली, पण ती दिली नाही. माझ्या पर्समध्ये आहे.