खाट आणि तीन चोर

प्रिय बाळ्या,

मी बरी आहे, हे आधीच लिहून टाकते, म्हणजे तू नुसता शेवट वाचून पत्र ठेवणार नाहीस. गाद्या शिवायचं काम चालू आहे, कापूस नाकातोंडात जातो, खोकला आहे, तो राहू दे.

चिमीची आई गेल्यावर तू पोरीला माझ्याकडे सोपवून त्या उपग्रहांच्या कारखान्यात गेलास. गच्चीवर पडल्यापडल्या तिच्याशी बोलायचं काय? शाळा माझी चौथीतच सुटली. आकाशातलं मला येतं ते एवढंच: चार चांदण्यांची खाट आणि ती पळवायला मागे लागलेले तीन चोर. तुलाही हेच सांगून झोपवायची. चिमी चोर मोजायची, तीनच आहेत ना, मग खाट शाबूत आहे, की डोळे मिटायची. आकाशातून चालणारे ते उपग्रहांचे दिवे बाबाने बनवलेत असं तू फोनवर म्हणालास, तर किती दिवस त्यांना हात हलवत होती. मीही शेजारीपाजारी मिरवलं, खोटं कशाला बोलू.

आता अंधार पडतो न पडतो तोच त्या दिव्यांच्या रांगा सुरू. एक सरली की दुसरी, खाटेवरून, चोरांच्या मधून, मुंग्या चालाव्यात तशा. मधल्या चोराजवळची बारकी चांदणी दिसेना म्हणून मी चष्मा बदलून आणला, तरी दिसेना. पोरगी मोजायला बसते, चुकते, रडकुंडीला येते. त्यात शाळेतल्या बाई बोलून गेल्या की कंपन्यांनी आपलं आकाश चोरलं. झालं. घरी येऊन दप्तर टाकलं आणि विचारते, बाबापण चोर आहे का? मी म्हटलं, तो मजूर आहे, स्क्रू पिळतो. तिला पटलं नाही. मलाही धड पटलं नाही, तोंडावर सांगते. एवढे दिवे कोणाला विचारून लावले? विचार की तुझ्या साहेबाला. माझ्यापुढे बरं तोंड चालतं तुझं.

हे सगळं फोनवर बोलले असते, पण तू मध्येच हसण्यावारी नेतोस. परवा पोरीने आपली छोटी खाट एकटीने ओढत गच्चीवर नेली. जिन्याची भिंत खरवडून निघाली. वर गच्चीच्या दाराला कडी लावू देईना. मी ओरडले, चोर शिरतील. तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "शिरू दे. चोर असला तरी खाट न्यायला तरी येईल ना तो." खाट वरच आहे. कडी मी अजून लावलेली नाही.

तुझीच,
आई