पाणी लागलं

१२ एप्रिल
वनरक्षक म्हणून पहिलीच नेमणूक, तीही सूर्यमाळच्या पलीकडे! जव्हारच्या शेजारणी म्हणाल्या, अवंती, काळ्या पाण्यावर चाललीस. म्हटलं, पाणी असतं तर अजून काय हवं होतं! चौकी छान आहे, कौलारू. खाली धरण चकाकतं, पण प्यायला टँकर. पाण्याची सोय झाली की रुचिराला आणीन. चार वर्षांचं पोर आईवाचून किती दिवस राहणार?

१५ एप्रिल
उतारावर सागासाठी खड्डे खोदणं चालू आहे. मजूर बायका माझ्याशी बोलत नाहीत. मुकादम दामोदर सांगत होता, यांचं गाव धरणात गेलं. वर येऊन यांनी नाचणी पेरली, तर आता तिथेही आपला साग. वाईट वाटलं. पण मी हुकमाची ताबेदार.

१८ एप्रिल
पाणी लागलं! दीड फूट खड्ड्यात, भर उन्हाळ्यात! गार, गोड. ओंजळी भरभरून प्यायले. बायका मात्र हंडे घेऊन टँकरकडेच गेल्या. त्यांच्यातली लाडकी तेवढी थांबली. म्हणाली, "बाय, ता पानी खालचे गावाचा हाय. पेलीस तं तू पन तिथलीच." मला हसू आलं. फोनच्या रेंजसाठी टेकडी चढले आणि नवऱ्याला, सुशीलला सांगितलं, रविवारी रुचिराला घेऊन ये.

१९ एप्रिल
टँकरचं पाणी पोटात ठरत नाही. दुपारी भानावर आले तेव्हा धरणात कमरेइतक्या पाण्यात उभी होते. बायका काठावरून बघत होत्या. एकीनेही हात दिला नाही. लाडकी म्हणाली, तुला पानी लागला. पाणी बाधलं तरी 'लागलं'च म्हणतात, हे मला तेव्हा कसं सुचलं नाही? भीती वाटतेय.

२० एप्रिल
रुचिरा यायला नको. फोन करायला टेकडीकडे निघाले, तीनदा. तिन्ही वेळा पाय उताराला—
लाडकीच्या हातापाया पडले, निरोप दे म्हणून. ती म्हणाली, गावावर धरणाचा पानी सोडला तवा आमाला कोनी निरोप दिलेला?

२१ एप्रिल, रविवार
आले दोघं. रुचिराला तहान लागली. डाव्या हातात तांब्या हाय, खड्ड्यातल्या पाण्याचा. मी भरला नाय. नको म्हणायला जाते तर तोंडातून येतं, पी बाय— उजवा हात तेवढा माझा ऐकतो, म्हणून लिहिते. सुशील, हे वाच. तिला पाजू नको. तिला पाजू— पाज. आपले गावाचा पानी—