बारा आणि तेरा नंबरची खुर्ची

दिनांक ४ ऑक्टोबर १९८९ रोजी माझ्या दारी आले: केलर बेसबॉल मैदानातील लाकडी खुर्च्यांची जोडी एक, रांग नववी, क्रमांक १२ व १३, हिरवा रंग पोपडे धरलेला, नव्वद डॉलर. ट्रकचे भाडे चौदा. आणणाऱ्या दोघांना कॉफी आणि खसखशीचा रोल, घरचाच, म्हणून खर्चात धरला नाही. मला फक्त बारा नंबर हवी होती. मैदान पाडणारे जोडीशिवाय विकत नाहीत.

परमपित्याला स्मरून मी, लिओकाडिया कुबियाक, कै. वॉल्टर कुबियाक यांची पत्नी, वय चौसष्ट, शिक्षण हायस्कूल, राहणार टोलेडो, ओहायो, हे माझ्या हाताने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघे विचारत नाही. कोणी दम दिलेला नाही, कोणी लाडीगोडी लावलेली नाही. १९७८ सालचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी सगळे यजमानांना दिले होते, आणि ते माझ्याआधी गेले.

कलम १. राहते घर मुलगी क्रिस्टिन हिला. बँकेतील ठेव मुलगा लिओनार्ड यास. कोणाला कमी, कोणाला जास्त, हे दोघांनी बघत बसू नये. मी बघितले आहे.

कलम २. खिमा करण्याचे यंत्र नणंद फ्लोरेन्स हिला. ते आपलेच आहे असे ती एकोणीसशे एकोणसाठपासून चारचौघांत सांगते. खरे आहे, तिचेच आहे. आतले पाते मात्र माझे. ते काढून घेऊन मगच यंत्र द्यावे.

कलम ३. यजमानांच्या हत्यारांची पेटी लिओनार्डला, करवत सोडून. कारण असे. खुर्च्या आल्या त्या दिवशी मी त्याला म्हटले, "ही तेरा नंबरची कापून बाजूला कर."

तो वाकून खाली बघून म्हणाला, "आई, दोघींच्या मध्ये लोखंडी पाय एकच आहे. कापलं तर दोन्ही आडव्या होतील."

"तेरा पडली तर पडू दे."

"बारापण पडेल. आणि आई, खुर्चीने तुझं काय घोडं मारलंय?"

त्याने करवतीला हात लावला नाही. म्हणून करवत जावयाला.

कलम ४. वेदीवर घालायचे भरतकामाचे वस्त्र, तीन हिवाळे खपून केलेले, नव्या चर्चला. आमचे पोलिश चर्च बंद झाले तेव्हा शेवटच्या मिसाला, म्हणजे प्रार्थनेला, आम्ही एकतीस जण होतो, त्यात दोघे झोपलेले. केलर मैदानाच्या शेवटच्या सामन्याला अकरा हजार लोक. मी मोजले नाहीत, भोंग्यावर सांगितले. बाप्ये मुरंब्याच्या बरण्यांत माती भरून नेत होते. ज्या खांबामागे बसावे लागले म्हणून पन्नास वर्षे शिव्या दिल्या, त्याच खांबाला एक म्हातारा मिठी मारून हुंदके देत होता. त्याची बायको पर्स धरून शेजारी उभी होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "माझी आई गेली तेव्हा हा जेवायला बसला होता."

मी हसले. पण खरे लिहायचे तर मला हसू आले नव्हते. माणसांना रडताना बघून मत्सर वाटावा हे पाप आहे. ते मी फादरना सांगितले आहे. इथे पुन्हा लिहिते, कारण पुढच्या कलमाला त्याची गरज आहे.

कलम ५. खुर्च्यांची जोडी. सव्वीस उन्हाळे यजमान बारा नंबरवर बसले. रविवारी पहाटेचा मिस, मग मैदान. मी लग्नानंतर एकदाच गेले. "हे काय झालं?" असे विचारले तर म्हणाले, "थांब, लिहू दे, मग सांगतो." गुडघ्यावर वही, हातात पेन्सिल. प्रत्येक चेंडूची खूण ते वहीत करत. मग काही सांगितले नाही. मी पुन्हा गेले नाही. डब्यात दोन सँडविचे मात्र दर वेळी दिली, सॉसेज आणि तिखट मुळ्याची चटणी. दोन लागतात म्हणाले. कष्टाचे शरीर आहे, खात असतील, असे मी समजले.

शेवटच्या सामन्याला, ३ सप्टेंबरला, मी एवढ्यासाठी गेले की खुर्ची नक्की कोणती ते बघून ठेवावे. तेरावर एक बाई बसलेली. माझ्याहून उंच, टोपीत पांढरे केस, गुडघ्यावर वही. उठून उभी राहिली.

"तुम्ही लिओकाडिया. चटणीवाल्या."

"आपण?"

"मार्जोरी ड्वायर. टेलिफोन कचेरीत होते. बसा ना, ही वॉल्टरचीच." आणि मी बसले न बसले तोच, "सव्वीस वर्षं तुमचं मीठ खाल्लंय हो. मी लग्न केलं नाही, पण जेवले सुगरणीच्या हातचं."

म्हणजे दुसरे सँडविच. मी हिला सव्वीस वर्षे वाढत होते, आणि माझ्या हिशेबाच्या वहीत ते यजमानांच्या नावावर.

सहाव्या डावात ती कॉफी आणायला उठली आणि वही माझ्या मांडीवर ठेवली. "एवढा डाव धरा. वॉल्टर उठला की मी धरायचे, मी उठले की तो." मला त्या खुणा येत नाहीत. तसे सांगायची लाज वाटली, म्हणून मी शब्दांत लिहिले: 'लाल केसांच्या मुलाने उंच मारला. एकाने धावत येऊन झेलला. दुसऱ्या मुलाने तीनदा बॅट फिरवली, लागला नाही. पंचाशी भांडला. भांडायला नको होते.' खुणांसाठी आखलेले चौकोन संपले म्हणून उरलेले समासात.

ती परत आली, वाचले, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. ती हसत होती की काय, मला ठरवता आले नाही. "हे मी खोडणार नाही," म्हणाली. वही बंद करताना मी तिचा सातचा आकडा बघितला. सातच्या पोटात आडवी रेघ.

खुर्च्यांची जोडी माझ्या मागे मार्जोरी ड्वायर हिला द्यावी. तोवर जोडी माझ्या घराच्या मागच्या पडवीत राहील, आणि मी तेरा नंबरवर बसेन.

कलम ६. यजमानांच्या वह्या, सव्वीस. त्या दिवशी घरी येऊन मी पहिल्यांदा उघडल्या. दर पानावर कुठे ना कुठे रेघवाला सात. यजमान सातला रेघ देत नसत. माझ्या नवऱ्याचे सव्वीस उन्हाळे त्या दोघांनी लिहून ठेवले ते सगळे माझ्या कपाटात आहे, आणि मला त्यातले अक्षर वाचता येत नाही. जगात वाचू शकणारे माणूस आता एकच, आणि ते मी नाही.

रविवार, १५ जुलै १९६२ चे पान मी मुद्दाम शोधले. आमचा धाकटा, स्टेफन, पाच महिन्यांचा, त्याला आम्ही त्या आठवड्यात गुरुवारी पुरले. रविवारी यजमान उठले, मिस ऐकला आणि मैदानावर गेले. मी डबा दिला नाही. महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्या पानावर पहिले दोन डाव त्यांच्या हातचे. तिसऱ्यापासून शेवटपर्यंत सगळे सात रेघवाले.

वह्या मार्जोरी ड्वायर हिला. हे मी औदार्याने देत नाही. वाचता येणाऱ्याला पुस्तक द्यावे, एवढेच.

कलम ७. मला स्टेफनच्या डाव्या बाजूला ठेवावे. उजवीकडे त्याचे वडील आहेत. फुलांवर खर्च करू नये.

वरील सर्व मी वाचून, समजून सही करीत आहे.

लिओकाडिया कुबियाक

साक्षीदार, ज्यांना यातून काही मिळत नाही:
१. एमिल ओचासेक, शेजारी
२. व्हेरोनिका ओचासेक, त्यांची पत्नी (सही करताना रडली. तिला मी कलम सहा वाचू देणार नव्हते, पण वाचले.)

टोलेडो, ओहायो. सोमवार, १६ ऑक्टोबर १९८९.

ता. क. याची एक नक्कल मिस ड्वायर यांस टपालाने पाठवीत आहे.

मिस ड्वायर, उत्तर दिले नाही तरी वह्या तुमच्याच. ती अट नाही. पण मला एक विचारायचे आहे, आणि सत्तावीस वर्षे विचारायला माणूस नव्हते. त्या रविवारी तिसऱ्या डावापासून यजमान कुठे होते? उठून गेले होते का? गेले असतील तर घरी तर आले नाहीत. की तिथेच बसून होते आणि पेन्सिल धरवत नव्हती? ते रडले का? माझ्यासमोर ते कधीच रडले नाहीत. रडले असतील तर तुमच्या शेजारी रडले, याचा मला हेवा वाटतो, आणि मरेपर्यंत वाटेल. तरी ते रडले असावेत, अशी मी रोज रात्री जपमाळ घेऊन प्रार्थना करते.

गोड करून लिहू नका. तिकीट लावलेला लिफाफा सोबत आहे. उलट टपाली कळवावे.