पुढच्या खोलीतली इटालियन मोटरसायकल

१ सप्टेंबर १९७५
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात.
माळशिरसच्या तात्याबा काकांच्या गोठ्यातली इटालियन स्पोर्ट मोटरसायकल ट्रकने सोलापूरला घरी आली. कारखान्यावरचा गोरा इंजिनियर जाताना काकांना देऊन गेला होता. पंचवीस वर्षं तिच्यावर कोंबड्या बसल्या. काका म्हणाले, ने बाबा, कोंबड्यांना दुसरी जागा बघू. अडाणीपणा! पुण्या-मुंबईचे शौकीन अशा गाडीसाठी जीव टाकतात. मी वाचलंय.
गाडी पुढच्या खोलीत ठेवली. तिथलं बायकोचं, मुक्ताचं, शिलाई मशीन तात्पुरतं व्हरांड्यात.

९ सप्टेंबर
सात रस्त्याचे रुद्रप्पा मिस्त्री बघून गेले. म्हणाले, सायेब, हिला आता देवच चालू करंल. मी म्हणालो, तुम्ही हात चालवा, मी गाइड करतो. मला थिअरी पूर्ण येते. चालवायला येत नाही, तो भाग वेगळा.

२५ सप्टेंबर
गाडी विकायची म्हणून पेपरात दिलेल्या जाहिरातीला उत्तर! एकच आलं, पण अस्सल. पुण्याचे दस्तूर. जुन्या गाड्या जमवतात. गाडी डोळ्यांदेखत चालू झाली की लगेच घेणार. तारीख मीच कळवायची. पंचांग बघून कळवली: १३ ऑक्टोबर, खंडेनवमी. वाहनाच्या पूजेचा दिवस, हारतुऱ्यात गाडी काय दिसेल! असलं सुचायला डोकं लागतं.

३ ऑक्टोबर
मुक्ता तापली. व्हरांड्यात ऊन, सुईत दोरा जात नाही, दिवाळीचे चाळीस ब्लाउज पडलेत. दसऱ्यापर्यंत गाडी गेली न्हाय तर मशीन उचलून अकलूजला आईकडं जाणार, म्हणाली. मी म्हणालो, दसऱ्याला खोली तुझी, शब्द म्हणजे शब्द.
ती बोलून विसरणारी बाई नाही.

१२ ऑक्टोबर
चालू झाली!! रुद्रप्पांच्या तिसऱ्या किकला. खोलीभर धूर. शेजारच्या सोजरबाई आग लागली म्हणून कळशी घेऊन धावल्या. माझ्या गाइडन्सचं चीज झालं.

१३ ऑक्टोबर, खंडेनवमी, सकाळी ७
पूजा केली. कार्बुरेटरला बाजूला चकचकीत उघडं तोंड आहे, लाउडस्पीकरच्या कर्ण्यासारखं, पण छोटं. सुपारीचा गणपती बसवायला याहून चांगली जागा कुठली? बसवला. हळदकुंकू, झेंडू. मुक्तानेही आपल्या मशीनला हार घातला. आज ती शिवत नाही.

सकाळी ११
दस्तूर आले. वयस्कर, हसतमुख. गाडी बघून थेट जवळ गेले. टाकीवरून हळूच हात फिरवला. मी ॲक्सिलरेटर पिळून जोरात किक मारली.
गणपती आत गेला.

संध्याकाळी ५
दिवसभर पळापळ, अक्षर वाईट येणार.
सुपारी आत अडकली, गाडी चालू होईना. मुक्ताची हेअरपिन घातली. सुपारी आणखी आत. दोन नट सोडवले की पाच मिनिटांचं काम, पण पाना कुठला? रुद्रप्पांकडे पळालो. सगळे पाने पाटावर, कुंकू लावून, फुलं वाहून. म्हणाले, आज हत्याराला हात लावायचा न्हाय, जोतीराम सायेब. उद्या शिलंगण झालं की पैला पाना तुमचाच. चार गॅरेजं फिरलो. चारही ठिकाणी तेच. दस्तूरांच्या मोटारीत पाने होते, पण त्यांचा ड्रायव्हर महिपती मूळचा माढ्याचा. सकाळीच पुजून मोकळा. डिकीवर ठिय्या मारून बसला. नोकरी गेली तरी चालंल, म्हणाला. वर मुक्ता म्हणाली, आत देव बसलाय, उत्तरपूजेबिगर हलवायचा न्हाय.
अख्ख्या सोलापुरात माझ्या बाजूने एक माणूस नाही.
दस्तूरांना कोल्हापुरात दुसरी गाडी बघायची होती. गेले. जाताना म्हणाले, आवाज तरी ऐकायला मिळेल असं वाटलं होतं.
तारीख मी कळवली हे खरं. पण कॅलेंडर त्यांच्याकडेही असेलच की.

१४ ऑक्टोबर, दसरा
रुद्रप्पांनी आपट्याची पानं हातात दिली, मग पाना काढला. सुपारी निघाली. पहिल्या किकला चालू! काय आवाज! गल्ली जमली. घेणारा सोडून सगळे होते.
मुक्ता आत ट्रंक भरत होती. मी रुद्रप्पांना म्हणालो, बंद करा.

१६ ऑक्टोबर
दस्तूरांची तार. कोल्हापूरची घेतली.
ट्रंक दाराशी. मुक्ता एसटीच्या वेळा विचारत होती. मी मुद्देसूद भाषण तयार केलं होतं. तोंडातून एवढंच आलं, जाऊ नको ना. तिने ट्रंक आत सरकवली. मग पदर खोचून म्हणाली, मग बघताय काय? धरा की तिला मागनं.
दोघांनी ढकलून गाडी व्हरांड्यात काढली. मशीन आत आलं.

२० ऑक्टोबर
बावीस ब्लाउज तयार. मुक्ता ते हँगरला लावून गाडीच्या हँडलला अडकवते. लई सोयीचं हाय, म्हणते.
आज एका गिऱ्हाइकिणीने विचारलं, बाई, ही गाडी कशाची? मी आत पेपर वाचत होतो. माहिती द्यायला उठणार, एवढ्यात मुक्ता म्हणाली, ब्लाउज अडकवायची. इटलीची हाय. आमच्या ह्यांनी मुद्दाम आणलीया.
पुन्हा बसलो. पेपर उलटा होता.