अभ्र्यातले कागद

४ मार्च
रेडिओ बिघडला आणि खापर माझ्या पदवीवर फुटलं!
इस्पितळाच्या कपडे दुरुस्तीच्या खोलीत मी कारकून. किती चादरी फाटून आल्या, किती ठिगळ लावून परत गेल्या, ते वहीत लिहायचं. तिघीजणी समोर बसून काम करतात. आज रेडिओ गप्प झाला तशी मावशी म्हणाली, "घरातली पहिली पदवीधर ना तू? मग वाच काहीतरी. वही काय, मीही मिरवीन!" मावशी इथे सगळ्यांत जुनी. मुकादमसुद्धा तिला वचकून असतो.
पिशवीत ग्रंथालयाची कादंबरी होती. तीच सुरू केली. एका सासुरवाशिणीची आहे.

६ मार्च
नायिकेचं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही. सगळ्या तिला 'आपली' म्हणतात. आज सासूने तिच्यापुढचं ताट उचललं तेव्हा शिट्टीने सुईच खाली ठेवली. (पुढचा दात पडलाय, बोलताना शीळ वाजते, म्हणून शिट्टी.) "म्हणजे आपली आज उपाशीच झोपणार?"
घुमी काही बोलत नाही. ती चादरींच्या घड्या घालते. तिशीची असेल. हजेरीला अंगठा उठवते. सुटायच्या वेळी तिचा नवरा फाटकाशी उभा असतो. ती बाहेर आली की तिची पिशवी उघडून बघतो, मग पुढे चालू लागतो. मला खिडकीतून दिसतं. रोज.

९ मार्च
पुढचं सगळं घरी वाचून काढलं. 'आपली'ला कुणीच नाही. शेजारीण खिडकी लावून घेते, बहीण पत्राला उत्तर देत नाही. शेवटच्या पानावर ती घर सोडते, रस्त्याच्या टोकापर्यंत जाते — आणि परत येते. लेखकाने तिच्या सोशिकपणाची वाहवा करून पुस्तक मिटलं आहे.
हे मी त्या तिघींना वाचून दाखवणार नाही.

११ मार्च
आज खोटं वाचलं. पुस्तक उघडं, पानं वेळेवर उलटली, मजकूर माझा. शेजारणीला शिवणयंत्र दिलं आणि खिडकी उघडायला लावली. परीक्षेत चार वर्षं लेखकांशी प्रामाणिक राहिले. पुरे!

१२ मार्च
माझी शेजारीण कुणाला पटली नाही.
"ती एकटी काय दिवे लावणार? तिलाही नवरा असेल की," शिट्टी म्हणाली.
मावशीची हरकत वेगळीच. "नेसत्या कपड्यांनिशी पळाली तर चार दिवसांत परत येईल. आधी कागद बाहेर काढायचे. जन्माचा, शाळेचा, असतील नसतील ते. कपडे काय, मिळतात."

१३ मार्च
आजच्या वाचनात शेजारीण विधवा झाली आणि 'आपली'ने आधी कागद बाहेर काढले. मावशी खूश! "लेखक हुशार आहे हो. बाईमाणसाच्या मनातलं ओळखतो." हसू दाबायला मला खोकावं लागलं.
सुटताना घुमी माझ्या टेबलाशी थांबली. पहिल्यांदाच.
"तिने कागद कुठे ठेवले?"
एवढा विचार मी केलाच नव्हता. तोंडाला आलं ते सांगितलं — "जुन्या उशीच्या अभ्र्यात. जिथे कुणी हात घालत नाही तिथे."

१८ मार्च
पुस्तक संपलं. म्हणजे माझं. 'आपली' आता शेजारणीच्या माळ्यावर राहते, एका दुकानात कामाला जाते, आणि तिच्या दाराची कडी आतून आहे. कडी शिट्टीने सुचवलेली.

२१ मार्च
रद्द कपड्यांची मोजणी. सगळ्यांत खालच्या फळीवरचा एक अभ्रा हाताला जड लागला. आत दोरीने बांधलेले कागद. वरच्या कागदावर घुमीचं नाव.
दोरी सोडली नाही. अभ्रा होता तिथे ठेवला. वहीत लिहिलं — रद्द अभ्रे एकोणीस. होते वीस.
भीती वाटते. ती पुस्तकाच्या भरवशावर निघाली आहे, आणि पुस्तकात असं काही घडतच नाही.

२२ मार्च
मावशीला बाजूला घेऊन अभ्र्याचंही सगळं सांगून टाकलं. "पुस्तकात ती परत जाते, मावशी. मी वाचलं ते खोटं."
मावशीने दोरा दाताने तोडला. "मग इतके दिवस बोलत कोण होतं?"
"मी. तुम्ही. शिट्टी."
"मग झालं तर! पुस्तकाच्या आड कशाला लपतेस? तो माळा कुठे आहे ते सांग."
मावशी मुलाच्या घरात राहते, पडदा लावलेल्या पडवीत. शिट्टीकडे पाय ठेवायला जागा नाही. आमच्या दोन खोल्या, माणसं चार.

२३ मार्च
आईला विचारलं. ती भांडी विसळत होती.
"नवरा दारात आला तर?"
"येईलच."
"तुझे बाबा घाबरतील."
"हो."
"घाबरू देत. तुझ्या पदवीची चौकट टांगली आहे ना, तिच्याखाली गादी मावते. तिथली पेटी तेवढी हलव."
पेटी बाबांनी हलवली. मग दाराच्या आतल्या कडीचे सैल स्क्रू आवळत बसले.

२६ मार्च
मावशीने काल घुमीला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "कधी?"
आज. मळक्या चादरींच्या गाडीमागून, मागच्या दाराने मी तिला घेऊन निघाले. अभ्रा माझ्या पिशवीत. पुढच्या फाटकाशी शिट्टीने नवऱ्याला गाठलं आणि पाऊण तास सुनेच्या कागाळ्या ऐकवल्या. तिला सून नाही!

२ एप्रिल
नवरा घरी दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा आई उंबऱ्यात उभी राहिली आणि त्याचं सगळं ऐकून घेतलं. हलली मात्र नाही. आता तो फाटकाशी उभा असतो. घुमी एका बाजूला मावशी आणि एका बाजूला मी अशी त्याच्यासमोरून जाते. पिशवी तिच्याच खांद्याला असते.

५ एप्रिल
कादंबरी परत करायला निघाले होते. घुमी म्हणाली, "शेवट वाईट आहे तिचा."
मी थांबले. "तुम्हाला वाचता येतं? मग हजेरीला अंगठा?"
"नवऱ्याला कळायला नको म्हणून. सुट्टीत पुस्तक टेबलावरच असायचं तुमचं. तुम्ही कागदांचं वाचलंत त्याआधीच संपवलं मी."
"मग कागद कुठे ठेवले, ते मला का विचारलंत?"
"पुस्तकात नव्हतं म्हणून."