मोसंबीच्या बागेचे कप्तान

बदनापूर, रविवार

प्रिय शीतल,

पुष्पाताईचे अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि आदिनाथरावांचा खोकला? आम्ही दोघं खाऊनपिऊन ठीक. फोनच केला असता, पण तुझे दाजी सारखे शेजारी बसून असतात आणि विषय त्यांचाच आहे.

तुला ठाऊकच आहे, एमआयडीसीत त्यांनी जन्मभर बियाण्याच्या गोण्या राखल्या, पण मनानं उभे गडाच्या बुरुजावर. (आपण नाही का सिस्टरांच्या होस्टेलात चादरीचे झगे करून राजकन्या व्हायचो आणि सोडवायला येणाऱ्याची वाट पाहायचो? मला वाटतं, ते हेच.) यंदा बागेतली मोसंबी झाडावरच रामप्रसाद व्यापाऱ्यांना देऊन टाकली, म्हणजे तोडणी, भरणी सगळी त्यांची. तर एक टोपीवाला तरुण आला आणि म्हणाला, "काका, मला शेठनीच पाठवलं. उद्या त्यांच्या नावानं चोर येणार आहे, दिसायलाबी बिलकुल शेठसारखा. आम्ही जल्दी माल काढून घेतो, पण फाटकावर वाघ पाहिजे." वाघ म्हटल्यावर ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्यानं फेटा शोधायला गेले.

सकाळी मागच्या बांधाला टेंपो लागला आणि पुढच्या फाटकातून खरे रामप्रसाद आले. ह्यांनी त्यांना काठी दाखवून विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत कोंडलं. मी खिडकीतून चहा दिला (चोर असला तरी दारी आलेला). ते बिचारे आतून म्हणत होते, "साहेबराव, किती साल झाले, माल मीच नेऊन राह्यलो. मला वळखत न्हाई का?" हे म्हणाले, "भेस बराबर जमलाय." टेंपोवाल्यांना हात कमी पडले, तेव्हा कप्तानांनी स्वतः मोसंबीचे कॅरेट उचलून दिले. टेंपो भरून गेला तो गेलाच, आणि मग कळलं की चोर तो टोपीवालाच होता.

रामप्रसाद भला माणूस, कोंडल्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पण चौकात जो तो विचारतो, "कप्तान, आमची बी बाग राखता का?" तेव्हापासून हे घराबाहेर पडत नाहीत. शूरवीरांच्या कादंबऱ्या माळ्यावर टाकल्या. परवा न्हाणीत पाल निघाली, तर म्हणाले, "तूच हाकल." शीतल, मला फार एकटं वाटलं गं.

तुझी,
पुष्पाताई

ता. क. पुढच्या रविवारी तू इथल्या स्टेशनावर उतर आणि दाजींना फोन कर. पर्स हरवली, गुडघा धरला, रिक्षावाले ऐकत नाहीत, काहीही सांग. फक्त तुमच्याशिवाय कुणी नाही असं म्हण. रडलीस तर उत्तम. या खेपेला फसवणारं माणूस घरचं असू दे.

ता. क. २. मी दूध उतरवायला उठले, तेवढ्यात ह्यांनी पत्र वाचलं. रागावले नाहीत. "रिक्षावाले ऐकत न्हाईत म्हणजे काय?" एवढंच म्हणाले आणि स्कूटर पुसायला गेले.