तरुण संघाचे चूलबंद आवतन

धुळे, जून १९३४

तीर्थस्वरूप अक्कास,

तोतारामचा प्रभूच्या नावाने सलाम. तुझे गुडघे आणि भाऊजींची भुसावळची रेल्वेतली नोकरी, दोन्ही चालू असतील अशी आशा आहे. (गुडघे कमी चालत असतील तर तेल चोळत जा.) इकडे सर्व ठीक, माझा डावा डोळा सोडून. त्याचे पुढे येईलच.

शाळा उघडायच्या आत चर्चलगतच्या खोलीत तरुण संघ पुन्हा सुरू करावा, असे पाद्रीसाहेबांनी मला सांगितले. सांगितले म्हणजे बजावलेच. रविवारी खोलीत तरुण बसलेले दिसले नाहीत, तर खोली शिवणवर्गाला जाणार. मंजुळाबाई यंत्र कुठे ठेवायचे ते पाहूनही गेल्या. अक्का, याच खोलीत तू मला पहिले गीत शिकवलेस, आणि चुकल्यावर धपाटाही इथेच घातलास. ती हातची जाणार या विचाराने मला जेवण गोड लागेना. म्हणून चुना लावायला मी स्वतःच उभा राहिलो, आणि पहिलाच हात भिंतीऐवजी डोळ्यात गेला.

डोळा बांधून पडावे लागल्याने पोरांना बोलावण्याचे काम झुलालआबांकडे गेले. आबा आपल्या चर्चची घंटा वाजवतात, शिवाय वाड्या-वस्त्यांवरच्या लग्नांची आवतनेही तेच देतात. शाळकरी मुले असतील तेवढ्याच घरी जा, मुलांना रविवारी संध्याकाळी पाठवा म्हणावे, चिवडा मिळेल, इतके मी नीट समजावले. आबा गेलेही तेवढ्याच घरी. पण उंबऱ्यापुढे उभे राहिले की त्यांच्या तोंडून आजवर एकच गोष्ट निघत आली आहे: "बठ्ठासले चूलबंद आवतन शे, कोणी घर ऱ्हावानं नही!" (म्हणजे सगळ्यांना जेवण, घरी कोणी राहायचे नाही. असे आवतन आल्यावर घरची चूल पेटवली तर बोलावणाऱ्याचा अपमान होतो. आपल्या लोकांनी माझा अपमान केला नाही.)

घरेच्या घरे आली, जेवणाला नेतात तसे हातात आपापले पाण्याचे लोटे घेऊन. पणज्या आल्या. पंगत धरून, ओल्या चुन्याला पाठी टेकून बसल्या. माझ्याकडे चिवड्याचा एक डबा. तुझ्या भावजयीने, ताईबाईने, लोट्यांकडे पाहिले, मग माझ्या उघड्या डोळ्याकडे पाहिले, आणि शेजारपाजारहून पीठ आणि डाळ गोळा केली. वरण-बट्टी ठरली. आता वडीलधारी पंगतीला बसली असता तरणी पोरे बसतील का? ती सगळी चर्चमागे गोवऱ्या पेटवून बट्ट्या भाजत होती, नंतर वाढत होती. म्हणजे तरुण संघ पुरता हजर होता, फक्त बसलेला नव्हता. साहेब आले. वरणाची बादली घेऊन पळणारी पोरे मी त्यांना दाखवली, पण साहेबांना प्रार्थनेला बसलेलेच हवे होते. मग त्यांनी बसलेल्यांनाच विचारले, संघात कोण येणार? पानात बट्टी पडलेली असताना नाही म्हणणे आपल्याकडे शोभत नाही. सगळ्या पंगतीने हात वर केले, कस्तुराआजीने दोन्ही. साहेब म्हणाले, "तोताराम, तुमच्या मंडळीत तारुण्य फार उशिरा येते." मग येत्या रविवारपर्यंत मुदत दिली आणि स्वतःही पंगतीला बसले.

बाकी सर्व क्षेम. भाऊजींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ,
तोताराम

ता. क. तुझ्या शमुवेलला शनिवारच्या गाडीने पेटी घेऊन पाठव. पोरे पेटी ऐकायला येऊन बसतील; माझे प्रवचन त्यांनी ऐकलेले आहे. खोली वाचली तर त्याच्यामुळेच वाचेल. एकटा शमुवेल पुरे.

ता. क. दुसरा. टपाल वेळेवर पोचेल याचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र झुलालआबांच्या हाती देत आहे. ते तुझ्या दारात उभे राहून जे म्हणतील ते मनावर घेऊ नकोस. पण रेल्वेच्या चाळीत शेजाऱ्यांनी ऐकलेच असेल, तर सर्वांना सांग, लोट्यांबरोबर डाळही आणा.